पॅरिसची शुक्रवार रात्रीची स्केटिंग फेरी : तयारी, ब्रेक, चाकं आणि गर्दीतली शिस्त

चाकफेरी
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून शिक्षणासाठी पॅरिसला मुक्काम असणार आहे. तिथे दर शुक्रवारी रात्री १० वाजता मोंपार्नासहून इनलाइन (एका रांगेत चाकं असलेल्या) स्केटर्सचा मोठा जथा निघतो आणि शहरभर फिरून रात्री १ च्या सुमारास परत येतो. ही 'पारी रोलर'ची फेरी. त्यात सामील व्हायची फार इच्छा आहे.

पार्श्वभूमी अशी: लहानपणी क्वाड (दोन चाकं पुढे, दोन मागे), मग इनलाइन, सगळं रिंकवर. क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) दोन्ही बाजूंनी येतो, तासभर न थांबता दम टिकतो. रस्त्याचा अनुभव म्हणाल तर रविवारी पहाटे हिंजवडीतल्या मोकळ्या रस्त्यांपुरताच. स्केट्स शर्यतीचे आहेत: घोट्याच्या खाली संपणारा बूट, ११० मिमीची तीन चाकं, ब्रेक नाही.

एवढ्यावर जमेल का? हेच स्केट्स न्यावेत की वेगळे घ्यावेत? गर्दीत थांबतात कसं? आणि काही लागलं-खुपलं तर विम्याचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कोपरखळी
धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

सेन_काठ
जमेल, पण पॅरिसात उतरल्यावर पहिल्याच शुक्रवारी नको.

आधी फेरी चालते कशी ते सांगतो. जमायची जागा म्हणजे प्लास राऊल दोत्री, मोंपार्नास मनोरा आणि मोंपार्नास स्टेशन यांच्या मधला चौक. साडेनऊपर्यंत पोहोचा, म्हणजे बूट नीट आवळून दहा मिनिटं अंग मोकळं करता येतं. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. मार्ग दर आठवड्याला वेगळा असतो आणि आधी जाहीर होतो. रस्ता ओला असेल तर फेरी रद्द. आकाश ढगाळ दिसलं तर निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

जथ्याच्या पुढे पोलीस आणि पिवळ्या टी-शर्टातले स्वयंसेवक. वेग पुढचे स्वयंसेवक ठरवतात, त्यांना ओलांडायचं नाही. बाकीचे स्वयंसेवक आळीपाळीने प्रत्येक आडव्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून गाड्या अडवतात. शेवटचा स्केटर गेला की रस्ता सोडतात आणि कडेकडेने जोरात पुढे जाऊन पुढचा चौक गाठतात. म्हणून कडा अडवून चालू नये. कुठली बाजू मोकळी ठेवायची ते सुरुवातीच्या सूचनांत सांगतात, ते कान देऊन ऐका. निम्म्या वाटेवर विश्रांती असते. सगळ्यात मागे रुग्णवाहिका, आणि तिच्या मागे पुन्हा सुरू झालेली वाहतूक.

हे शेवटचं वाक्य डोक्यात पक्कं ठेवा. रुग्णवाहिकेच्या मागे पडलात तर तुमची फेरी संपली. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत स्केटरला पादचाऱ्यांतच धरतात, त्यामुळे तिथून पुढे फुटपाथ, झेब्रा आणि पादचाऱ्यांचा सिग्नल. जथ्याला गाठायला गाड्यांमधून पळत सुटणं सर्वांत धोक्याचं.

आयोजकांची अपेक्षा एकच: ब्रेक लावता आला पाहिजे, उतारावर वेग आटोक्यात ठेवता आला पाहिजे. क्रॉसओव्हर कोणी विचारत नाही.

म्हणून आधी रविवारच्या फेरीला जा. 'रोलर्स ए कोकियाज' नावाची संस्था दुपारी अडीचला बास्तीयजवळच्या बुलव्हार बुर्दोंवरून फेरी काढते. तीही तीनेक तासांचीच, पण दिवसाउजेडी, वेग कमी, लहान मुलं आणि आजी-आजोबाही असतात. तिथे दोनदा जाऊन थांबण्याचा अंदाज आला की मग शुक्रवार.

रिंगणवाला
सेन_काठ यांना पूर्ण अनुमोदन. मुलांना शिकवणारा म्हणून थोडी भर घालतो.

रिंकवर वाढलेल्या स्केटरला वेग येतो, वळण येतं, पण थांबणं कच्चं राहतं. रिंकवर थांबायची वेळच येत नाही, हवं तेव्हा एक फेरी जास्त मारून वेग उतरवता येतो. रस्त्यावर जथ्यात ती सोय नाही. समोरचा दोन मीटरवर, डावीकडे एक, उजवीकडे एक.

आकडे मांडून बघा. समोरचा थांबतोय हे लक्षात येऊन पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, आणि नंतर तुमचा ब्रेक दर सेकंदाला वेग २ मीटर प्रतिसेकंदाने कमी करतो, असं धरू. ताशी १० किमीला तुम्ही पाच मीटरच्या आत उभे राहता. ताशी २० किमीला सुमारे १३ मीटर लागतात. ताशी ३० ला जवळजवळ २६. लाल सिग्नलवर वीस मीटर मोकळा रस्ता मिळतो, जथ्यात मिळत नाही. म्हणजे जथ्यात वेग वाढल्यानंतर ब्रेक लावणं हा प्रकारच चुकीचा. वेग वाढूच द्यायचा नाही.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने दीड मीटर रुंदीची पट्टी आखा. पट्टीच्या तोंडाशी एक आडवी रेघ, तिथून आठ मीटरवर दुसरी. फोनवर वेग बघत ताशी २० ने या, पहिल्या रेघेवर ब्रेक सुरू, दुसऱ्या रेघेच्या आत पूर्ण उभे, आणि पट्टीच्या बाहेर एकही चाक नाही. दहापैकी नऊ वेळा जमलं तर शुक्रवारला जा. सहा-सात वेळा जमत असेल तर अजून सराव.

दुसरी परीक्षा उताराची. मध्यम उतारावर शंभर मीटर, सुरुवातीला जो वेग तोच शेवटी. नागमोडी वळणं घेऊन नाही, सरळ रेषेत. जथ्यात नागमोडी गेलात तर शेजारच्याला पाडाल.

तिसरी सोपी वाटते, पण बहुतेक जण तिथेच अडकतात: चालत्या वेगात मान वळवून मागे बघा आणि रेघ सोडू नका. खांदा मानेबरोबर फिरला की स्केटही फिरतो.

गोटीबेअरिंग
स्केट्सबद्दल. शर्यतीचे बूट शुक्रवारच्या फेरीला नेऊ नका.

शर्यतीचा बूट घोट्याखाली संपतो, कारण तिथे जोरात रेटा देताना घोटा मोकळा लागतो. फेरीत तुम्ही निम्मा वेळ हळू चालता, उभे राहता, एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने ब्रेक लावता. तिथे घोट्याला आधार हवा. नाहीतर दीड तासानंतर घोटा आत कलायला लागतो आणि नेमका शेवटच्या उतारावर ब्रेक कमजोर पडतो. शिवाय ११० च्या चाकावर तुम्ही जमिनीपासून उंच असता, आणि खडबडीत रस्त्यावर ती उंची जाणवते.

घ्यायचे तर नडगीपर्यंत येणारा टणक बूट, वर बकल, टाचेवर ४५ अंशात जाणारा पट्टा, आणि ८० मिमीची चार चाकं. टाच बुटात उचलली जाते का ते दुकानातच गुडघे वाकवून बघा. उचलली गेली तर बूट मोठा आहे. जाड मोज्याने हे निस्तरत नाही.

चाकाचा कडकपणा 'ए'च्या आकड्यात छापलेला असतो. आकडा लहान तितकं चाक मऊ. रस्त्याला ८२ ते ८५ बरं. रिंकचं कडक चाक डांबरावर पायाला झिणझिण्या आणतं आणि पकडही कमी देतं.

चार चाकी जोडीत ८ चाकं, म्हणजे १६ बेअरिंग. माप सगळीकडे ६०८च: आतून ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. त्यामुळे तिकडे कुठल्याही स्केट दुकानात मिळतील, इथून ओझं नेऊ नका. खोक्यावरचा एबेक (बेअरिंगच्या अचूकतेचा) आकडा बघून पैसे घालवू नका, फेरीच्या वेगाला त्याने फरक पडत नाही. धूळ आणि पाणी यांनी पडतो.

निघण्यापूर्वी प्रत्येक ॲक्सल (चाकाच्या मधला आस) किल्लीने तपासा. काही फ्रेमना (बुटाखालची चाकं धरणारी पट्टी) ४ मिमीची ॲलन की लागते, काहींना चांदणीच्या टोकाची टी२५. आपली कुठली ते बघून तीच खिशात ठेवा. आवळल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हाताने आडवं हलवल्यावर खडखडलं नाही पाहिजे. आवळताच चाक जाम होत असेल तर बहुधा दोन बेअरिंगमधला स्पेसर (छोटी नळी) राहिला आहे किंवा बेअरिंग पूर्ण आत बसलेलं नाही.

चाकफेरी
इतक्या लवकर इतकं सविस्तर! सर्वांचे आभार. म्हणजे स्पीड स्केट्स विकून टाकू का?

रिंगणवाला
अजिबात नको. बर्लिन मॅरेथॉनची इनलाइन शर्यत धावण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी असते. मार्ग तोच, ४२.१९५ किमी. तुमच्या बुटांची जागा तिथे आहे.

हील_नको_टी_हवा
एक वेगळं मत मांडतो. हील ब्रेक (टाचेमागचा रबरी पॅड) काढून टाका आणि टी-स्टॉप (मागचा पाय आडवा ओढत थांबणं) पक्का करा. गर्दीत पायाच्या मागे बाहेर आलेला ब्रेक मागच्याच्या चाकाला लागतो, क्रॉसओव्हर करताना आपल्याच दुसऱ्या पायाला लागतो. मुरलेल्या शहरी स्केटरच्या पायात तो क्वचितच दिसतो. टी-स्टॉपला बाजूची जागा लागत नाही, आणि तो कुठल्याही स्केटवर चालतो.

रिंगणवाला
@हील_नको, टी-स्टॉप हवाच, पण त्यासाठी हील ब्रेक काढायचा सल्ला पटला नाही. टी-स्टॉपमध्ये तुम्ही एका पायावर असता. उतार लांब असेल तर तो पाय थरथरायला लागतो. हील ब्रेकमध्ये दोन्ही पाय जमिनीवर राहतात, एकामागे एक, आणि शंभर-दोनशे मीटर एकसारखा दाब धरता येतो. नवख्यासाठी हाच फरक निर्णायक आहे.

पद्धत लिहून ठेवतो. ब्रेकचा पाय एक पाऊल पुढे. दोन्ही गुडघे वाकलेले, बसका पवित्रा. पुढच्या पायाचा चवडा उचला, पॅड जमिनीला टेकेल. आता मागच्या पायावरचं वजन हळूहळू पुढच्या टाचेवर आणा. हात समोर, नजर दूर. नेहमीची चूक म्हणजे गुडघ्याऐवजी कमरेतून वाकणं. त्याने पॅडवर वजन येतच नाही, ब्रेक नुसता घासतो आणि माणसाला वाटतं पॅड खराब आहे.

टी-स्टॉपला ८० टक्के वजन पुढच्या पायावर. मागचा पाय आडवा, नुसता ओढत आणायचा. दाब वाढवायचा तो हळूहळू. मागच्या पायावर वजन जास्त गेलं की शरीर त्या बाजूला फिरतं आणि तुम्ही गर्दीत पाठमोरे होता.

गोटीबेअरिंग
आणि टी-स्टॉपने चाकं फार लवकर जातात. ओढणाऱ्या पायाच्या चाकांची आतली कड झिजते. एका पायानेच टी-स्टॉप करत असाल तर डाव्या-उजव्या चाकांत फरक पडून स्केट एका बाजूला ओढायला लागतो. उपाय: पहिलं चाक तिसऱ्या जागी, दुसरं चौथ्या, आणि ते दुसऱ्या पायात, झिजलेली कड बाहेर येईल असं बसवून. हील ब्रेकचा पॅड त्या मानाने स्वस्त. त्यावर झिजेची रेघ असते, तिथवर आला की बदला. त्याखाली गेला की पॅड टेकायला चवडा खूप उचलावा लागतो आणि तोल मागे जातो.

हील_नको_टी_हवा
लांब उताराचा मुद्दा मान्य. पण पॅड मागच्याला लागतो हा माझा मुद्दा राहतोच. उजव्या पायात ब्रेक असेल तर मागच्याने त्याच्या अगदी उजव्या चाकामागे येऊ नये, थोडं तिरकं चालावं.

म्यूनिककर
इथे उन्हाळ्यात दर सोमवारी रात्री ब्लेड नाइट (अशीच स्केटिंग फेरी) असते, तिच्या अनुभवातून एक गोष्ट पॅरिसलाही लागू पडेल.

नवखे लोक संकोचाने सगळ्यात मागे जातात. तिथेच सर्वांत जास्त दमछाक होते. कारण जथा पेटीच्या भात्यासारखा चालतो. पुढचे लोक एकसारख्या वेगाने जातात. एखादं वळण किंवा अरुंद रस्ता आला की तिथली रांग जराशी थबकते, तिच्या मागची थोडी जास्त, त्या मागची आणखी जास्त. शेपटापर्यंत हे पोहोचतं तेव्हा लोक अक्षरशः उभे राहिलेले असतात. वळण पार झाल्यावर पुढे मोठं अंतर पडलेलं असतं, ते भरून काढायला शेपटाकडच्यांना जोर मारावा लागतो, आणि पुढच्या वळणावर पुन्हा करकचून ब्रेक. म्हणून जथ्याच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, मधोमध राहा. तिथे वेग बऱ्यापैकी सारखा असतो आणि मागे पडायला भरपूर अंतर हाताशी राहतं. दम लागला तर हळूहळू मागे सरकत गेलं तरी रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो.

अंतर भरून काढायचं तेही एकदम नाही. समोर तीन-चार मीटर मोकळे दिसले म्हणून लगेच जोर मारला तर त्यांनी ब्रेक लावताच तुमची धांदल. ती जागा राहू द्या, तीच तुमची थांबायची जागा.

कोपरखळी
पुढच्या एक-तृतीयांश भागात राहायचं हे आधी कधी वाचलं नव्हतं. पटलं.

मालवणी_मॅडम
चांगला धागा. मी पन्नाशीला टेकले आहे, गुडघे ठीक आहेत, मुलीकडे ॲम्स्टरडॅमला दोन महिने जाणार आहे. तिकडेही वोंडेलपार्कहून शुक्रवारी फेरी निघते असं तिने सांगितलं. ट्रामच्या रुळांचं काय करतात? तिथे जिकडेतिकडे रूळ.

म्यूनिककर
@मालवणी_मॅडम, रुळाची भीती योग्यच आहे. स्केटचं चाक २४ मिमी रुंद असतं, रुळाच्या खाचेत ते सहज शिरतं. म्हणून रूळ कधीही तिरका ओलांडायचा नाही. शक्य तितकं काटकोनात या. रूळ येण्याआधी एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. मग पुढचा पाय किंचित उचलून पलीकडे, वजन त्यावर, मग मागचा. त्या क्षणी रेटा द्यायचा नाही आणि वळायचंही नाही. रस्ता रुळांना समांतर असेल तर दोन रुळांच्या मध्ये राहा, बाजूच्याला जागा द्यायला रुळावर सरकू नका. ओला रूळ असेल तर सरळ चालत पार करा, त्यात कमीपणा नाही.

पॅरिसलाही दक्षिणेच्या बाहेरच्या बुलव्हारवर टी३ ट्राम आहे, तेव्हा चाकफेरी यांनीही सराव करावा.

सेन_काठ
रुळांइतकीच पॅरिसची ओळख म्हणजे दगडी फरसबंदी. शांझेलिझे लांबून गुळगुळीत दिसतो, पण तो दगडी ठोकळ्यांचा आहे. तिथे पवित्रा रुळासारखाच: एक पाय पुढे, गुडघे मऊ, वजन जरासं मागे, पायांना आपोआप थरथरू द्यायचं. पाय जुळवून उभं राहिलं तर पुढची चाकं फटीत अडकली की माणूस सरळ तोंडावर जातो. रेटा छोटा आणि वारंवार, लांब सरकण्याची हौस डांबरावर करा. दात एकमेकांवर दाबू नका, जीभ चावली जाते.

झेब्र्याचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं दव पडल्यावर निसरडी होतात. त्यावर वळू नका, ब्रेक लावू नका, नुसतं सरळ जाऊ द्या.

उताराचे भाग म्हणजे बेलव्हिल, मेनिलमोंतां, गांबेता, एकूण शहराची ईशान्य-पूर्व बाजू, आणि मोंमार्त्रचा परिसर. जाहीर झालेल्या मार्गात ही नावं दिसली तर पहिल्यांदा जाणाऱ्याने तो शुक्रवार सोडावा. नदीकाठचा आणि पश्चिमेकडचा सपाट मार्ग असेल तो निवडा.

सावधान_विश्राम
कोणी पडण्याबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो.

रिस्ट गार्ड घातल्याशिवाय निघू नका. पडताना हात आपोआप पुढे जातात, आणि मनगटाचं हाड हा स्केटरचा सर्वांत ठरलेला अस्थिभंग. हेल्मेट तर हवंच. नी-पॅड असतील तर पडण्याची दिशा तुमच्या हातात राहते: तोल गेला की खाली बसा, गुडघ्यांवर घसरा, मग हात. मागे पडण्यापेक्षा पुढे पडणं कधीही बरं.

तोल जाताना शेजारच्याचा हात किंवा बॅग धरायची नाही. हे मनाला आधी बजावून ठेवावं लागतं. धरलं की दोघं पडता, आणि मागचे तुमच्यावर.

पडल्यावर पहिली गोष्ट, हातपाय आत घ्या, बोटं जमिनीवर पसरलेली ठेवू नका. मागून चाकं येतायत. मग जवळच्या कडेला सरकत जा आणि तिथे उठा. समोर कोणी पडलेलं दिसलं तर एक हात उंच करा, ओरडून मागच्यांना सांगा आणि बाजूने जा. मदतीला थांबायचं तर त्याच्या मागच्या बाजूला, येणाऱ्यांना दिसेल असं उभं राहा.

दिवे: पुढे पांढरा, मागे लाल. मागचा हेल्मेटवर लावा, बॅगेवर लावला तर बाजूच्या गर्दीत झाकला जातो. कानात इयरफोन नकोत, स्वयंसेवकांच्या हाका आणि शिट्ट्या ऐकू आल्या पाहिजेत.

चाकफेरी
विम्याबद्दल कोणी सांगेल का?

सावधान_विश्राम
विम्याचे दोन भाग, त्यांची गल्लत करू नका.

एक, तुम्हाला लागलं तर. विद्यार्थी म्हणून तिथल्या आरोग्य व्यवस्थेत नोंदणी होईल. ती पूर्ण होईपर्यंतच्या काळासाठी जो विमा घेऊन जाल त्यात साहसी खेळ वगळण्याचं कलम असतं का ते वाचा, आणि स्केटिंग त्यात मोडतं का ते लेखी विचारा. मालवणी_मॅडम, तुमच्यासाठी: शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण तेच कलम तुमच्याही कागदावर तपासा.

दोन, तुमच्यामुळे दुसऱ्याला लागलं किंवा कुणाच्या गाडीला ओरखडा आला तर. याला फ्रान्समध्ये 'रेस्पोन्साबिलिते सिव्हिल' म्हणतात आणि ते बऱ्याचदा घराच्या विम्यातच असतं. भाडेकरूला घराचा विमा घ्यावाच लागतो, पण सर्वांत स्वस्त विमा कधी कधी फक्त घराच्या नुकसानीपुरता असतो. घेताना हे शब्द कागदावर आहेत का ते बघा आणि प्रमाणपत्र मागून घ्या. जर्मनीतल्यांसाठी हाच प्रकार 'हाफ्टफ्लिष्ट' नावाने वेगळा मिळतो.

पेठेतला_प्रवासी
विषयांतर होतंय, तरी विचारतो. हे आपल्याकडे का होत नाही? पुण्यात इतकी मुलं स्केटिंग शिकतात. रविवारी सकाळी जंगली महाराज रस्त्यावरून अशी फेरी निघाली तर काय बहार येईल!

रिंगणवाला
मुलं शिकतात ती शर्यतीसाठी. शहरात फिरण्यासाठी स्केट वापरायची सवय आपण लावत नाही. आणि रस्ता म्हणाल तर गतिरोधकावर बसका पवित्रा घेऊन निभावतं, पण रंगाच्या जाड पट्ट्यांची रांग, पेव्हर ब्लॉकमधल्या फटी आणि कडेला साठलेली बारीक खडी यांच्यावर शंभर माणसं एकत्र नेणं अवघड. खडीचा एक दाणा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं, शरीर पुढे जातं.

पेठेतला_प्रवासी
मुंबईत मार्च २०२२ मध्ये पोलिसांनीच 'संडे स्ट्रीट्स' सुरू केलं होतं, मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी काही तास गाड्यांना बंद. सायकली, स्केट्स, योगासनं सगळं चालत होतं. म्हणजे अशक्य नाही.

सेन_काठ
अशक्य नाहीच. पण बंद रस्ता आणि फिरता जथा यांत फरक आहे. बंद रस्त्याला दोन टोकांना अडथळे पुरतात. फिरत्या जथ्याला प्रत्येक चौकात माणूस लागतो, आणि तो काही मिनिटांनी पुढच्या चौकात हवा. शिकवलेले स्वयंसेवक हीच खरी भांडवलाची बाब. पुण्यात सुरुवात करायची असेल तर बंद रस्त्यावरच्या छोट्या फेरीत आधी चौक अडवणारी पंधरा-वीस माणसं तयार करावीत.

पेठेतला_प्रवासी
याचा वेगळा धागा काढतो.

टेम्सकर
लंडनला येणं झालं तर रविवारी दुपारी २ वाजता हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन रोडवरून सोप्या पातळीची फेरी निघते. आधीचा तास त्या रस्त्यावरच सराव करता येतो, सरळ आणि गुळगुळीत आहे.

पावसाबद्दल एक. फेरीत मध्येच सर आली आणि स्केट्स भिजले, तर घरी गेल्या गेल्या चाकं काढा, बेअरिंग बाहेर काढून पुसा, पंख्याखाली वाळवा, आणि एकेक थेंब तेल. रात्रभर ओलं राहिलं की सकाळी गंज. बुटाचं आतलं अस्तरही काढून वेगळं वाळवा, नाहीतर वास जात नाही.

चाकफेरी
सर्वांच्या प्रतिसादांवरून ठरवलंय ते असं: ८० मिमीचे टणक बुटाचे स्केट्स, हील ब्रेक ठेवायचा, टी-स्टॉप दोन्ही पायांनी शिकायचा. जायला अजून नऊ आठवडे आहेत. रोज पाऊण तास मिळेल. सराव कसा आखू?

रिंगणवाला
पहिले तीन आठवडे फक्त थांबणं. ताशी १० ने सुरुवात, मग १५, मग २०. प्रत्येक सत्रात हील ब्रेक तीस वेळा, टी-स्टॉप प्रत्येक पायाने वीस वेळा. वेग वाढवायची घाई नको, पट्टीबाहेर चाक गेलं की पुन्हा खालच्या वेगावर.

पुढचे तीन आठवडे उतार आणि खराब पृष्ठभाग. सोसायटीचा पार्किंगचा उतार चालेल, पण वर-खाली कोणीतरी गाडी बघायला उभं हवं. पेव्हर ब्लॉकवर एक पाय पुढे ठेवून पन्नास मीटर, पाय बदलून परत.

शेवटचे तीन आठवडे माणसं. रिंकवरच्या सहा-आठ जणांना घेऊन दोन रांगांत दीड मीटर अंतराने चाला. पुढचा न सांगता ब्रेक लावेल, मागच्यांनी त्याला न लागता थांबायचं. दर पाच मिनिटांनी पुढचा बदला. एकट्याने आठ मीटरात थांबणारा माणूस गर्दीत बिथरतो, कारण त्याची नजर समोरच्याच्या पाठीवर खिळलेली असते. नजर दोन-तीन माणसं पलीकडे ठेवायची. खांदे खाली जाताना दिसले की तिकडे ब्रेक लागलाय, तुमच्यापर्यंत पोहोचायला अजून एक सेकंद आहे.

नवे बूट मात्र आत्ताच घ्या आणि याच आठवड्यांत पायात मुरवा. तीन तास कोऱ्या बुटात काढले तर घोट्याच्या हाडावर फोड येणारच.

हील_नको_टी_हवा
आखणी उत्तम. टी-स्टॉप दोन्ही पायांनी सांगितलात त्याबद्दल विशेष आभार.

मालवणी_मॅडम
मी यातले पहिले सहा आठवडे करते आणि ॲम्स्टरडॅमला आधी उद्यानातच फिरते.

चाकफेरी
एक शेवटची शंका. रात्री १ ला संपल्यावर परत कसं जायचं? राहायची जागा मोंपार्नासपासून लांब असेल.

सेन_काठ
शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मेट्रो सव्वादोनपर्यंत असते, त्यामुळे फेरी वेळेवर संपली तर गाडी मिळते. त्यानंतर नॉक्तिलियाँच्या रात्रीच्या बस. मेट्रोत स्केट्स घालून शिरू नका. चपटे हलके बूट आणि स्केट्ससाठी एक पिशवी पाठीवरच्या बॅगेत ठेवा. बॅग छोटी, छातीवर पट्टा आवळलेली, लोंबणारे बंद आत खोचलेले. पाणी एक लिटर, किल्ली, मेट्रोचं कार्ड, बस्स. आणि दर वेळी विश्रांतीच्या जागी सर्वांत जवळचं मेट्रो स्टेशन कुठलं ते आधी बघून ठेवा. दमलात तर तिथूनच घरी जाता येतं.